नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांच्यात अंतर आहे ते एका मात्रेचे. पहिले बारशाच्या दिवशी होते, दुसरे दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. माणसांच्या बाबतीत हे खरे आहेच, पण वस्तूंच्या बाबतीतही खरे आहे. ज्यांनी ज्यांनी मराठीत नवी नावे ठेवण्याचा उद्योग केला, त्यांना लोकांनी मनसोक्त नावे ठेवली. तरीही हा उद्योग गेली साडेतीनशे वर्षे चालू आहे. त्याची गोष्ट आज सांगायची आहे.

सुरुवात घरातूनच करू. बुटाच्या नाडीच्या टोकाला प्लास्टिकची एक बारीक नळी असते. ती निघाली की नाडी फिसकटते आणि भोकातून जाता जात नाही. या नळीला काय म्हणतात? इंग्रजीत तिला ‘अॅग्लेट’ असे नाव आहे, पण ते इंग्रजी बोलणाऱ्यांपैकीही फार थोड्यांना ठाऊक असते. दार भिंतीवर आपटू नये म्हणून मागे ठोकलेला रबराचा तुकडा घ्या, किंवा नव्या सदऱ्याच्या कॉलरखालून निघणारी पुठ्ठ्याची पट्टी घ्या. रोज हाताळतो, पण नावाने हाक मारायची वेळ आली की आपण म्हणतो, “ते आण रे, ते... ते हे.” मराठी घरातल्या निम्म्या वस्तूंचे नाव ‘ते’ असावे, अशी मला कधी कधी शंका येते.

इंग्लंडमधल्या डग्लस अॅडम्स आणि जॉन लॉइड या दोन विनोदी लेखकांनी १९८३ साली यावर एक मजेदार तोड काढली. ‘द मीनिंग ऑफ लिफ’ या त्यांच्या छोट्या पुस्तकात त्यांनी गावांची नावे घेतली आणि ती बिननावाच्या वस्तूंना आणि अनुभवांना देऊन टाकली. गावांच्या पाट्या नुसत्या रस्त्यावर उभ्या असतात, त्यांना थोडे काम द्यावे, असा त्यांचा विचार.

हा खेळ आमच्या नंदुरबार जिल्ह्यातही छान खेळता येईल. नवापूर तालुक्यात महामार्गावर विसरवाडी नावाचे गाव आहे. एखादी वस्तू जपून राहावी म्हणून आपण ज्या जागी ठेवतो आणि मग ती जागाच आठवत नाही, त्या जागेला ‘विसरवाडी’ म्हणायला काय हरकत आहे? “कपाटाची किल्ली कुठे आहे?” “विसरवाडीला गेली.” शहादा तालुक्यात तापीकाठी प्रकाशा आहे. वीज गेल्यावर हाताशी असावे म्हणून फळीवर ठेवलेल्या मेणबत्तीच्या थोटकाला ‘प्रकाशा’ हे नाव शोभून दिसेल.

हा झाला खेळ. पण मराठीत नाव ठेवण्याचे काम राजाने केले आहे, चळवळीने केले आहे आणि सरकारी खात्यानेही केले आहे. तिघांचा अनुभव पाहण्यासारखा आहे.

राजाचा कोश

शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ साली झाला. त्या काळात दरबाराचा सगळा व्यवहार फारसीच्या वळणाने चाले. महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला. तो रचण्याचे काम धुंडिराज व्यास यांनी केले. सुमारे १,४०० शब्दांना संस्कृत प्रतिशब्द आणि त्यांची दहा वर्गांत वाटणी. राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, दुर्गवर्ग, शस्त्रवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग असे हे वर्ग आहेत. त्यात उपभोगाच्या वस्तूंचा ‘भोग्यवर्ग’सुद्धा आहे, म्हणजे नजर फक्त सिंहासनावर नव्हती.

अष्टप्रधानांची नावे बदलली. पेशव्याचा प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत आणि सरनौबताचा सेनापती. पुढे काय झाले ते आपण जाणतोच. त्यानंतरचे अख्खे शतक ‘पेशवाई’ म्हणूनच इतिहासात गेले, त्याला ‘प्रधानकी’ कोणी म्हटले नाही. कोश हरला असे तेव्हा वाटले असेल. पण शब्द वाट पाहू शकतात. विसाव्या शतकात लोकशाही आली, नवी पदे निर्माण झाली आणि प्रधान, मंत्री, सचिव हे शब्द पुन्हा कामावर रुजू झाले. आज वर्तमानपत्राचे पहिले पान त्यांच्याशिवाय निघत नाही.

झरणीचे काय झाले?

दुसरा मोठा प्रयत्न भाषाशुद्धीचा. १९२० च्या दशकापासून स्वातंत्र्यवीर सावरकरांनी तो हिरिरीने चालवला. दिनांक, क्रमांक, महापौर, हुतात्मा, अर्थसंकल्प, दूरध्वनी असे कितीतरी शब्द या चळवळीने चलनात आणले किंवा रूढ केले. त्यातले पुष्कळ आज आपण सहज वापरतो. पण गंमत पाहा. आपण अर्जावर ‘दिनांक’ लिहितो आणि तोंडाने ‘तारीख’ विचारतो. कोर्टात अजून कोणाला दिनांक पडलेला नाही, तारीखच पडते.

या चळवळीतले दुसरे मोठे नाव म्हणजे कवी माधव जूलियन, म्हणजेच माधव त्र्यंबक पटवर्धन. त्यांची गोष्ट मला कवी म्हणून फार जवळची वाटते. हे फारसीचे प्राध्यापक. १९२५ साली त्यांनी फारसी-मराठी कोश प्रसिद्ध केला. गझल आणि रुबाई मराठीत रुजवली. मग हाच माणूस भाषाशुद्धीचा कडवा पुरस्कर्ता झाला, त्याने स्वतःच्या जुन्या कवितांतले फारसी शब्दही बदलले आणि १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. १९३६ साली आमच्या खानदेशात, जळगावला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. मात्र गझलेचे नाव त्यांना टाकता आले नाही. १९३३ च्या त्यांच्या संग्रहाचे नाव ‘गज्जलांजलि’. गझलची गज्जल केली, पण ठेवली.

मी ज्या घरात वाढलो तिथे खानदेशी वळणाची उर्दू होती, गल्लीत अहिराणी आणि शाळेत पुस्तकी मराठी. त्यामुळे आपला शब्द आणि परका शब्द यांची सीमा कुठे आखायची, हे मला कधी नीट कळले नाही. मराठी पोराच्या शाळेचे सामान मोजून पाहा. दप्तर, कागद, दौत, शाई. सगळे फारसी-अरबीकडून आलेले. कुलूप मूळचे अरबी ‘कुफ्ल’. पण आज एखाद्या अरबासमोर ‘कुलूप’ म्हणालो तर तो आपल्या तोंडाकडे पाहत राहील. चावी, फीत, घमेले, बिजागरी ही पोर्तुगिजांकडून आली. कुलूप अरबस्तानचे, चावी पोर्तुगालची आणि दार खानदेशातल्या सागाचे. आत राहणारा माणूस मात्र मराठीच बोलतो.

त्या काळी फाउंटन पेनाला ‘झरणी’ म्हणावे अशी सूचना झाली होती. किती सुंदर शब्द! लेखणीची बहीण शोभावी असा. शाई झरते म्हणून झरणी. उच्चाराला सोपा, अर्थाला चोख. तरी तो चालला नाही, पेन ते पेनच राहिले. शब्दात काही खोट नव्हती. पण पेन दुकानात आले ते स्वतःचे नाव सांगतच आले. दुकानदाराने ते नाव उच्चारले, गिऱ्हाइकाने तेच मागितले आणि मुलाने वर्गात तेच सांगितले. झरणी पुस्तकात राहिली.

पाटीवरचे नाव आणि फळीवरचे नाव

तिसरा प्रयत्न सरकारचा. महाराष्ट्र राज्य १९६० साली झाले आणि त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झाले. १९६२ मध्ये ‘पदनाम कोश’ आला. अभियंता, अधीक्षक, आयुक्त, संचालक अशा नावांवर तेव्हा काय टीका झाली! ‘बदनाम कोश’ म्हणून त्याची टिंगल झाली. आज तीच नावे इतकी मुरली आहेत की ती कोणी घडवली होती हेच आपण विसरलो. कारण सरळ आहे. सरकारजवळ पाटी होती, शिक्का होता, नेमणुकीचा कागद होता. ज्या शब्दाने पगार होतो तो शब्द माणूस लवकर शिकतो.

पण शिक्क्याचीही हद्द असते. म्हैसूरच्या केंद्राचे ‘आकाशवाणी’ हे नाव ऑल इंडिया रेडिओने १९५० च्या दशकात घेतले आणि ते देशभर झाले. संस्थेला ते नाव उत्तम चिकटले. घरातल्या फळीवरचा डबा मात्र रेडिओच राहिला. “आकाशवाणीचे सेल संपले” असे कोणी म्हणत नाही.

मला या इतिहासातून एवढेच दिसते की मोठ्या पदाला वरून नाव देता येते, लहान वस्तूला देता येत नाही. राजाचा कोश, शुद्धीची चळवळ, सरकारचे खाते, तिघांचेही यश पदांत, संस्थांत आणि कागदी व्यवहारात आहे. पळी, चिमटा, टाचणी, चाप यांच्या राज्यात त्यांचे फर्मान चालले नाही. तिथे निराळेच लोक नावे ठेवत होते.

लोकांची टांकसाळ

हे लोक कोण, ते कोणत्याही कोशात सापडत नाही. पण त्यांची पद्धत वस्तूंवरून ओळखता येते. पहिली पद्धत म्हणजे क्रियेवरून नाव. चाळते ती चाळणी, गाळते ती गाळणी, किसते ती किसणी, फुंकायची ती फुंकणी, टाचते ती टाचणी. उलथायचे ते उलथणे, लाटायचे ते लाटणे. ‘णी’ आणि ‘णे’ ही मराठीची घरगुती टांकसाळ आहे, तिला परवाना लागत नाही.

दुसरी पद्धत शरीरावरून. कढईला कान, करवतीला दात, बाटलीला गळा, खाटेला पाय, उसाला डोळा. सुईच्या भोकासारख्या एवढ्याशा जागेलाही ‘नेढे’ असे स्वतंत्र नाव आहे. तिसरी पद्धत आकार लहान करण्याची. खुंट्याची खुंटी, डब्याची डबी, सुऱ्याची सुरी. चौथी म्हणजे आलेला शब्द आपल्या जिभेवर घासून गुळगुळीत करण्याची. गॅरेजमध्ये वॉशरचा ‘वायसर’ होतो तो असाच. त्याच गॅरेजमध्ये बोल्टच्या वेढ्यांना ‘आटे’ म्हणतात आणि ते झिजले की “आटे गेले” एवढ्या दोन शब्दांत रोगाचे निदान होते.

ही टांकसाळ बंद पडलेली नाही. खोडायचे ते खोडरबर, अर्धे मराठी आणि अर्धे इंग्रजी, पण सांधा दिसत नाही. प्रेशर कुकर आला तेव्हा त्याच्या डोक्यावरच्या वजनाला बायकांनी ‘शिट्टी’ म्हटले आणि तीच वेळ मोजायचे मापही झाली. “डाळीला तीन शिट्ट्या दे.” कोणत्याही समितीला इतके चांगले सुचले नसते.

ज्याला गरज, त्याला नाव

नाव कुठे जन्मते, हे पाहायचे असेल तर सारंगखेड्याच्या यात्रेला यावे. दत्तजयंतीला तापीच्या काठी घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तुम्हा-आम्हाला घोडा काळा, पांढरा किंवा तांबडा दिसतो. व्यापाऱ्याला तो अबलख दिसतो, कुमैत दिसतो, नुकरा दिसतो. चारही पाय आणि कपाळ पांढरे असले की पंचकल्याणी. मानेखाली केसांचा एक विशिष्ट भोवरा असला तर तो ‘देवमण’, आणि त्यावर किंमत वर जाते. रुपयाएवढ्या भोवऱ्याला नाव आहे, कारण त्यावर पैसे लागलेले आहेत. काही नावे संस्कृतातून आली, काही अरबी-फारसीतून. सौदा करताना कोणी कुळी विचारत नाही.

म्हणून एखादी वस्तू बिननावाची आहे असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा एवढेच खरे असते की तिचे नाव आपल्याला माहीत नाही. ज्याच्या हातात ती रोज असते त्याला कोणी विचारलेले नसते.

न विचारण्याची परंपराही जुनी आहे. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा भिल्ली आणि खानदेशी बोलींचा खंड १९०७ साली प्रसिद्ध झाला. मावची, पावरी, अहिराणी या आमच्या बोली पहिल्यांदा एवढ्या व्यवस्थित कागदावर आल्या, हे त्या कामाचे मोठे ऋण आहे. पण प्रत्येक बोलीसाठी जी शब्दांची ठरलेली यादी होती ती वाचली की नवल वाटते. तीत हात, पाय, नाक आहे. सोने, चांदी, लोखंड आहे. देव आहे, सैतान आहे, उंटसुद्धा आहे. पण चुलीजवळची एकही वस्तू नाही. अक्राणीच्या डोंगरात राहणाऱ्या माणसाला उंटाचे नाव विचारले गेले आणि त्याच्या घरातल्या डावाचे राहून गेले.

ही उणीव इतर कामांत थोडीफार भरून निघाली. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द होते आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत आला. दोन्हींत घरातल्या आणि शेतातल्या वस्तू पुष्कळ आहेत. डॉ. रमेश सूर्यवंशी यांनी अहिराणीचा कोश तर केलाच, शिवाय खानदेशातल्या कृषिजीवनाचा सचित्र कोशही तयार केला. चित्र का काढावे लागले? कारण नाव सांगितले तरी वस्तू डोळ्यांपुढे येईना, असे दिवस आले. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भाषा-लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड २०१३ साली आला, तोही याच वाटेवरचा.

वस्तू जाते, तेव्हा तिचे नाव कुठे जाते? बैलगाडी पाहा. चाकाच्या मधल्या गड्ड्याला तुंबा म्हणतात, त्यातून निघतात ते आरे, वरून चढवलेली लोखंडी पट्टी म्हणजे धाव. चाक धावते म्हणून पट्टीचेच नाव धाव ठेवणारा तो लोहार कवीच म्हटला पाहिजे. रबरी टायर आले आणि धाव गेली. मोटेचे पाणी विहिरीवर ज्या लहानशा कुंडात पडायचे त्याला ‘थारोळे’ म्हणत. इंजिन आले, मोट गेली, थारोळे बुजले. हा शब्द आज आपल्याला कुठे भेटतो? अपघाताच्या आणि खुनाच्या बातमीत, ‘रक्ताच्या थारोळ्यात’. ज्या शब्दात पिकाला जाणारे पाणी साठायचे, त्यात आता फक्त रक्त साठते. वाचणाऱ्यांपैकी कितीजणांना ते पाणी आठवते?

बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) जात्याला घरोट म्हणत. त्यांची गाणी १९५२ साली छापली गेली म्हणून तो शब्द महाराष्ट्रभर गेला. ‘कशाला काय म्हणू नही’ ही त्यांची कविता तर नावाचाच विचार करते. वस्तू आपले काम करत नसेल तर तिला ते नाव शोभत नाही, असा त्या कवितेचा रोख. अक्षरओळख नसलेल्या एका शेतकरी बाईने नामकरणाचा हा नियम सांगितला आहे आणि मला तो राजाच्या कोशाइतकाच मोलाचा वाटतो. पण घरोट वाचला तो छापला गेला म्हणून. न छापलेले किती शब्द त्याच चुलीजवळ संपले असतील!

नंदुरबार हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला जिल्हा. इथली बहुसंख्य वस्ती आदिवासी आहे. धडगाव-मोलगीकडून शाळेत आलेले मूल घरातल्या शंभर वस्तूंची नावे पावरीत किंवा भिल्लीत घेऊन आलेले असते. वर्गात चित्र दाखवून विचारतात, “याला काय म्हणतात?” त्याला येत असते ते नाव पुस्तकात नसते, पुस्तकातले नाव त्याला येत नसते. ते गप्प उभे राहते आणि आपण समजतो की त्याला काही येत नाही. गल्लीतल्या अहिराणी मुलाचेही फार वेगळे होत नाही. त्याचा शब्द गावंढळ ठरतो. मग ते मूल हळूहळू दोन्ही नावे सोडते आणि ‘ते’ म्हणायला लागते. आपल्या घरातल्या वस्तूंना ‘ते’ म्हणणारी मुले मोठी झाली की त्या घराविषयी काय सांगणार?

तेव्हा नवे नाव बनवायच्या आधी थोडे विचारून पाहू या. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारा. सुताराला, शिंप्याला, सायकल दुरुस्त करणाऱ्याला विचारा. आठवड्याच्या बाजाराला डोंगरातून येणाऱ्या मावशीला विचारा. मिळालेला शब्द वहीत लिहा आणि शेजारी त्या वस्तूचे वेडेवाकडे का होईना, चित्र काढा. शिक्षकांनी वर्गात हे केले तर गप्प उभे राहणारे मूल त्या दिवशी सर्वांत जास्त बोलेल.

आणि एवढे विचारूनही नाव मिळाले नाही, तर टांकसाळ आपलीच आहे. बुटाच्या नाडीचे टोक कशासाठी असते? भोकातून नाडी ओवायला. मग त्या नळीला ‘ओवणी’ म्हणावे असे मी सुचवतो. चांभाराच्या आणि शाळकरी पोरांच्या तोंडी बसले तर ते नाव, नाही तर झरणीच्या शेजारी त्यालाही जागा आहे. मी नाव ठेवले, आता तुम्ही नावे ठेवायला मोकळे आहात.